सांगलीचा उन्हाळा आणि न्हाणीघरातली डार्करूम

डार्करूमच्या, म्हणजे फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीच्या, जवळजवळ प्रत्येक पुस्तकात रसायनांचं तापमान २० अंश सेल्सिअस दिलेलं असतं. सांगलीत गावभागातल्या घरी, एप्रिलात दुपारी चार वाजता नळाचं पाणी मोजलं तर ३७ भरलं. पुढचा बराचसा मजकूर या सतरा अंशांबद्दल आहे. जानेवारी ते जून या सहा महिन्यांत सोलरायझेशन (मध्येच पुन्हा उजेड देऊन चित्र अर्धवट उलटवणं), ल्युमेन (डेव्हलपरशिवाय नुसत्या उन्हावर काढलेले) आणि हळदीवरचे प्रिंट असे तीन प्रकार करून झाले. ज्यांनी साधा कृष्णधवल प्रिंट एकदा तरी केलाय आणि आता पुढे काही करून पाहायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

जानेवारी सगळा सामान जमवण्यातच गेला. एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र, मिरजेतल्या एका बंद झालेल्या स्टुडिओच्या माळ्यावरून मिळाला, ५० मिमी लेन्ससकट ५,५०० रुपयांना. जुना एन्लार्जर घेताना तीन गोष्टी बघा. लेन्समधून टॉर्च मारून बुरशीचं जाळं दिसतं का, अंधारात दिवा लावल्यावर भात्याच्या घडीतून उजेड गळतो का, आणि डोकं वर-खाली केल्यावर खांब डुगडुगतो का. लेन्स बदलता येते, भात्याला काळी कापडी पट्टी चिकटवता येते. डुगडुगणारा खांब मात्र परत द्यावा.

बल्बने बरीच दमछाक केली. एन्लार्जरला दुधी काचेचा खास बल्ब लागतो, कारण कंडेन्सरखाली (उजेड एकवटणाऱ्या भिंगाखाली) साध्या बल्बवरची छापील अक्षरंसुद्धा कागदावर अंधूक उतरतात. तो मिळेना म्हणून ९ वॅटचा दुधी एलईडी बसवला. त्यातून एक फायदा पदरात पडला. फिलामेंटच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणजे २३० चे २१० व्होल्ट झाले की उजेड पाव हिश्श्याहून जास्त घटतो. शेतीपंपांची वीज सुरू झाली की आमच्याकडे दिवे मंदावतात, हे सांगलीकरांना सांगायला नको. एलईडीचा ड्रायव्हर असा चढउतार पचवतो. तोटे दोन. मल्टिग्रेड फिल्टरचे (काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी-जास्त करणाऱ्या रंगीत फिल्टरचे) आकडे एलईडीखाली जसेच्या तसे लागू पडत नाहीत, स्वतःची चाचणीपट्टी काढावी लागते. आणि काही एलईडी बंद केल्यावरही मंद मिणमिणत राहतात. अंधारात पाच मिनिटं बसून बघा. मिणमिणत असेल तर बहुधा बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडतंय, ते इलेक्ट्रिशियनकडून उलटवून घ्या.

रसायनांसाठी प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात १४ जानेवारीला यादी दिली. डेव्हलपर, म्हणजे कागदावर चित्र उमटवणारं द्रावण, घरीच डी-७२ च्या सूत्राने करायचा होता. एक लिटरला मेटॉल ३ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट ४५, हायड्रोक्विनोन १२, निर्जल सोडियम कार्बोनेट ६७.५ आणि पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम. दुकानदाराने वापराचं कारण लिहिलेला अर्ज, आधारची प्रत आणि पक्कं बिल घेण्याची अट घातली. अर्जावर ‘छायाचित्रण, घरगुती वापर’ असं लिहिल्यावर त्याला ते पटेना, म्हणून कोणतं रसायन कशाला हे पाच ओळींत लिहून दिलं. तुम्ही जाताना असा कागद तयारच न्या, एक खेप वाचेल. बाकी माल चार दिवसांत आला, मेटॉलला एकोणीस दिवस लागले. स्टॉप बाथसाठी, म्हणजे डेव्हलपिंग थांबवणाऱ्या द्रावणासाठी, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड मागितलं तेव्हा पुन्हा ओळखपत्र आणि रजिस्टरात नोंद. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडविक्रीवर निर्बंध घातल्यापासून दुकानदार यात सैल राहत नाहीत, आणि ते योग्यच आहे. शेवटी ते घेतलंच नाही. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व लिटरला १५ ग्रॅम टाकलं की उत्तम स्टॉप बाथ होतो, शिवाय बंद खोलीत नाक झोंबत नाही. सगळी रसायनं मिळून ३,१०० रुपये लागले.

कागद मुंबईहून मागवला. आरसी, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेला, ८ बाय १० इंचाची दोन पाकिटं, ७,२०० रुपये. कुरिअरच्या गोदामात ‘आत काय आहे, उघडून दाखवा’ म्हणून पार्सल चार दिवस अडून राहिलं. बिलाची प्रत नेली आणि बाहेरचा खोका त्यांच्यासमोर उघडला. आतलं काळं पाकीट उघडलं तर माल वाया जाईल, हे समजावल्यावर सुटका झाली. विक्रेत्याला आधीच सांगून काळ्या पाकिटावर मराठीत आणि इंग्रजीत ‘उजेडात उघडू नये’ असं लिहून घ्या.

फेब्रुवारीत खोली. न्हाणीघर पाच बाय सात फुटांचं. खिडकी आणि दाराच्या फटी यांच्यासाठी शेतीच्या दुकानात मिळणारा काळा-चंदेरी मल्चिंग पेपर वापरला. ढोबळी मिरचीच्या वाफ्यांवर अंथरतात तोच. एक थर पुरत नाही, सूर्य समोर आला की टाचणीएवढी छिद्रं चमकतात. दोन थर, मध्ये चिकटपट्टी. हवेसाठी एक्झॉस्ट फॅनच्या तोंडाला पीव्हीसी पाइपचे दोन काटकोनी एल्बो आतून काळे रंगवून बसवले, उजेड दोन वळणांत मरतो आणि हवा खेळती राहते. ट्रे म्हणून स्वयंपाकघरातले पसरट प्लास्टिकचे ट्रे चालतात, स्टेनलेस स्टीलचेही चालतात, ॲल्युमिनियमचे अजिबात नकोत, डेव्हलपरमधला सोडा ते खातो. खोलीचा सगळा खर्च १,६०० रुपये. ओल्या हातांनी एन्लार्जरला हात लागणारच आहे, तेव्हा त्या सर्किटला आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारं बटण) आणि पायात रबरी चप्पल हे खर्चात धराच.

डेव्हलपर करतानाची पहिली चूक सगळ्यांची एकच असते. मेटॉल सल्फाइटच्या दाट द्रावणात विरघळत नाही. म्हणून ५० अंशांच्या ७५० मिलिलिटर पाण्यात आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळल्यावर उरलेलं सल्फाइट, मग हायड्रोक्विनोन, कार्बोनेट आणि शेवटी ब्रोमाइड. मग पाणी घालून लिटर पुरा करायचा. बोअरच्या जड पाण्यात कार्बोनेट पडताच पांढरा गढूळ साका बसतो, त्याचे कण प्रिंटवर ठिपके सोडतात. बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर वापरा. धुण्याचा सोडा कार्बोनेटच असतो, पण त्याच्या स्फटिकात पाणी धरलेलं असतं आणि ते हवेत उडत राहतं, त्यामुळे वजनाचा भरवसा नाही. मेटॉलने हाताला पुरळ उठू शकतं, हातमोजे घालाच.

सेफलाइटच्या, म्हणजे कागद खराब न करणाऱ्या लाल दिव्याच्या, बाबतीत मी आळस केला आणि त्याची किंमत मोजली. देवघरात लावतात तो लाल झिरो बल्ब लावून कामाला सुरुवात केली. दहा-बारा प्रिंटनंतरही पांढरे भाग किंचित मळकट येत होते. दोष आधी डेव्हलपरला दिला, मग कागदाला. १ मार्चला अखेर नाण्यांची चाचणी घेतली, जी पहिल्याच दिवशी घ्यायची असते. कागदाच्या तुकड्याला एन्लार्जरखाली इतका उजेड द्यायचा की धुतल्यावर फिकट राखाडी येईल. तसा तुकडा सेफलाइटखाली ठेवून दर मिनिटाला एक नाणं ठेवत जायचं, मग डेव्हलप करायचं. कोऱ्या कागदावर ही चाचणी फसवते, कारण थोडा उजेड आधी मिळालेला कागद जास्त नाजूक होतो आणि आपला प्रिंट नेमका तसाच असतो. माझ्या तुकड्यावर तिसऱ्या मिनिटाचं नाणं स्पष्ट दिसलं. बल्बच्या काचेवरचा लाल रंग टोपीजवळ खरवडला गेला होता, तिथून पांढरा उजेड येत होता. त्याच्या जागी गडद लाल एलईडी लावला आणि तोही भिंतीकडे तोंड करून. पंधरा मिनिटांपर्यंत नाणं उमटलं नाही. तोवर जवळपास एक अख्खं पाकीट बाद झालं होतं. ते टाकलं नाही, मे महिन्यात कामी आलं.

आता सोलरायझेशन. याला सॅबॅतिए परिणाम म्हणणं जास्त बरोबर, कारण खरं सोलरायझेशन म्हणजे अतिप्रचंड उजेडाने चित्र उलटणं, ते वेगळं. आर्मां सॅबॅतिए या फ्रेंच माणसाने १८६२ साली याचं वर्णन केलं, आणि १९२९ च्या सुमारास पॅरिसमध्ये मॅन रे आणि ली मिलर यांनी त्याची कला केली. मी निगेटिव्ह निवडली आयर्विन पुलाची. तो पूलही १९२९ चाच, पण निवडीचं कारण ते नव्हतं. या तंत्राला स्वच्छ कड लागते. कृष्णेच्या फिकट पाण्यावर पुलाच्या दगडी कमानींची गडद रेघ, म्हणजे हवा तसा विरोध. झाडीचा किंवा गर्दीचा फोटो घेतलात तर नुसता चिखल मिळेल.

कृती अशी. प्रिंट नेहमीसारखा एक्स्पोज करायचा, पण कडक ग्रेडवर, म्हणजे काळ्या-पांढऱ्यात जास्त फरक देणाऱ्या, ५ च्या आसपास. अर्धवट डेव्हलप करायचा. मग बाहेर काढून पुन्हा पांढरा उजेड द्यायचा आणि डेव्हलपरमध्ये परत ठेवायचा, या वेळी न हलवता. पहिल्या फेरीत काळे झालेले भाग खालच्या थराला झाकतात, त्यामुळे तिथे दुसरा उजेड फारसा पोचत नाही. पांढरे भाग मात्र नव्याने काळवंडतात. या दोघांच्या सीमेवर, काळ्या भागातून सुटलेलं ब्रोमाइड डेव्हलपिंग रोखून धरतं, म्हणून तिथे बारीक पांढरी रेघ राहते. तिला मॅकी रेघ म्हणतात. ट्रे हलवलात तर ब्रोमाइड वाहून जातं आणि रेघही जाते. याच कारणाने ताज्या, तेज डेव्हलपरपेक्षा थोडा वापरलेला आणि पातळ डेव्हलपर बरा. मी एकास तीन पाणी घेतलं.

दुसरा उजेड खोलीतला दिवा झटकन लावून देतात असं पुष्कळ ठिकाणी वाचाल. तसं करू नका, अर्धा सेकंद हाताने दोनदा सारखा येत नाही. निगेटिव्ह काढून एन्लार्जरच वापरा, लेन्सचं छिद्र एफ १६ वर, वेळ टाइमरवर. ओला कागद कोरड्या ट्रेमध्ये काचेवर ठेवायचा आणि गाडीच्या काचेच्या रबरी वायपरने वरचं पाणी निपटून घ्यायचं. थेंब राहिला तर तो भिंगाचं काम करतो आणि प्रिंटवर काळा डोळा उमटतो.

आता वेळा. ८ बाय १० च्या कागदाचे २ बाय अडीच इंचाचे बरोबर सोळा तुकडे होतात. ते चार बाय चारच्या तक्त्यात बसवले: पहिलं डेव्हलपिंग २०, ३०, ४० आणि ५० सेकंद, दुसरा उजेड अर्धा, १, २ आणि ४ सेकंद. अंधारात मागचं लिखाण वाचता येत नाही, म्हणून कात्रीने कडेला खाचा केल्या, वरच्या बाजूला पहिली वेळ, उजवीकडे दुसरी. १६ मार्चला पहाटे पहिला तक्ता निघाला, डेव्हलपर २४ अंशांवर. २० सेकंदांचे चारही तुकडे जवळजवळ सपाट काळे. ५० चे साध्या प्रिंटसारखे, फक्त मळके. ३० ला १ सेकंद आणि ४० ला २ सेकंद या दोन तुकड्यांवर कमानीच्या कडेने रेघ दिसली, केसाएवढी. सुकायच्या आत ते तुकडे तीनदा उजेडात नेऊन पाहिले.

आनंद आठवडाभर टिकला. मोठा प्रिंट करायला घेतला तर त्याच वेळांना एकदा जमायचं, पुढच्या खेपेला नुसतं मळकं. वही उघडल्यावर कारण सापडलं. सुरुवातीला २४ असलेला ट्रे तासाभरात २९ वर जात होता. तापमान चढलं की डेव्हलपिंगचा वेग वाढतो, आणि तोही सगळ्यांचा सारखा नाही, हायड्रोक्विनोन मेटॉलपेक्षा जास्त उसळतं. म्हणजे ३० सेकंदांचं काम २० तच उरकत होतं आणि आपण तक्त्यातल्या ५० सेकंदांच्या मळक्या ओळीकडे सरकत होतो. साध्या प्रिंटमध्ये हा फरक खपून जातो, कारण तिथे डेव्हलपिंग पूर्ण होऊ देतो. इथे ते मध्येच तोडायचं असतं.

उपाय तीन केले. काम पहाटे चार ते साडेसहा. त्या वेळी टाकीचं पाणी २६-२७ वर असतं, आणि मल्चिंग पेपरमधून राहिलेली छिद्रंही त्रास देत नाहीत. डेव्हलपरचा ट्रे मोठ्या घमेल्यात, बाहेर आठ लिटर पाणी आणि त्यात गोठवलेल्या बाटल्या. अर्ध्या लिटरची एक बाटली पूर्ण वितळेपर्यंत तेवढं पाणी साधारण पाच अंश उतरवते, तेव्हा एकदम दोन टाकू नका. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये तर कधीच नाही, सगळं प्रमाण बिघडतं. तिसरं म्हणजे २० चा हट्ट सोडला. २० वर आणलेला ट्रे सतत वर चढू पाहतो, २४ वर ठेवलेला थोड्या लक्षाने तिथेच राहतो. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा आपला न हलणारा आकडा कामाचा.

या पद्धतीने १३ एप्रिलपर्यंत पुलाचे सहा प्रिंट पदरात पडले, खर्ची पडलेले कागद एकोणीस. हे प्रिंट मुळातच थोडे करडे येतात. त्यावर फार्मर रिड्यूसर (काळेपणा उतरवणारं द्रावण) हा जुना इलाज आहे, १८८३ चा. पोटॅशियम फेरीसायनाइडच्या १० टक्के द्रावणाचे थोडे मिलिलिटर पातळ हायपोत (चित्र कायम करणाऱ्या फिक्सरमधला हा मुख्य घटक) टाकायचे, रंग फिक्या लिंबू सरबतासारखा दिसला की पुरे. कापसाने लावायचं, पाच-सात सेकंदांत पाण्याखाली धरायचं आणि मग पुन्हा बघून लावायचं. हे मिश्रण दहा मिनिटांत मरतं, म्हणून चमचा-चमचाच करा. फेरीसायनाइड कोणत्याही तीव्र ॲसिडजवळ ठेवू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पहाटेचं पाणीही ३० च्या खाली येईना. इमल्शन, म्हणजे कागदावरचा उजेड टिपणारा थर, मऊ पडून चिमट्याचे ओरखडे उठू लागले. तिथे डार्करूम बंद केली आणि बाद झालेलं पाकीट काढलं.

ल्युमेन प्रिंटला अंधार लागतच नाही. तोच कागद उजेडात घ्यायचा, वर पानं ठेवायची, काच दाबायची आणि गच्चीवर उन्हात. डेव्हलपर नाही. ऊनच चांदी काळी करतं, आणि कागदानुसार गुलाबी, जांभळे, विटकरी रंग निघतात. ताजं, रसदार पान वाळलेल्यापेक्षा कितीतरी चांगलं, कारण पानातला ओलावा इमल्शनशी खेळतो. तासगावकडून आणलेलं द्राक्षाचं पान शिरांसकट उतरलं, पिंपळाचं नुसतं सावलीसारखं. द्राक्षाचं पान आधी स्वच्छ धुवा, फवारणीतला गंधक चांदीला काळं करतो. मे महिन्यातल्या बाराच्या उन्हात चाळीस मिनिटं पुरली. काचेखाली वाफ धरून पान उकडतं, तेव्हा दोन कडांना काडेपेटीच्या काड्या ठेवून फट राखा. फिक्सर केल्यावर रंग फिके होतात आणि पिवळसर तपकिरीकडे झुकतात, हे ठरलेलं. म्हणून आधी स्कॅन, मग पातळ फिक्सरमध्ये चार-पाच मिनिटं.

हळदीची कल्पना सुचायला सांगलीत राहणं पुरेसं आहे. वनस्पतींच्या रसावर उन्हाने चित्र काढण्याचे प्रयोग जॉन हर्शेलने १८४२ सालीच केले होते, त्याला अँथोटाइप म्हणतात. आपल्याकडे हळद उन्हात वाळत घातली की रंग उडतो हे घराघरांत माहीत आहे. हरिपूरची पेवं, हळद साठवायची ती जमिनीखालची कोठारं, म्हणजे हळदीची डार्करूमच की.

विकतच्या पुडीतल्या हळदीने दोन खेपा फुकट गेल्या, रंग उडेचना. भेसळीचा पक्का रंग असला तर असं होतं. गणपती पेठेतून राजापुरी हळकुंडं आणून घरी दळली. २० ग्रॅम हळद, १०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल, झाकण लावून रात्रभर, सकाळी सुती कापडातून गाळायची. जाड ड्रॉइंग पेपरवर रुंद ब्रशने दोन हात, दुसरा हात आडवा, पंख्याखाली पाऊण तास. अल्कोहोल आहे, गॅसजवळ करू नका. इथे निगेटिव्ह चालत नाही, पॉझिटिव्ह लागते, कारण ऊन लागेल तिथला रंग उडतो आणि झाकलेला राहतो. झेरॉक्सच्या दुकानात ओएचपी फिल्मवर पॉझिटिव्ह छापून मिळते, पण टोनर विरळ असतो. दोन प्रती एकावर एक नीट जुळवून चिकटवा. मेच्या उन्हात तीन तास लागले, ढगाळ दिवशी सात तासांनीही भागलं नाही.

मग खरी गंमत. ५०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम टाकणखार विरघळवून त्यात कागद बुडवला की पिवळं चित्र डोळ्यांदेखत लालसर तपकिरी होतं. हळदीला टाकणखार लावून कुंकू करतात, तीच रासायनिक क्रिया. एक मिनिटाहून जास्त ठेवलं तर रंग पाण्यात उतरतो. हे चित्र कायम करता येत नाही. त्याला फिक्सरच नाही. भिंतीवर लावू नका, वहीत ठेवा.

जूनच्या पहिल्या पावसाबरोबर आवराआवर केली. उरलेला कागद काळ्या पिशवीत, सिलिका जेलसह, धान्याच्या स्टीलच्या डब्यात. नाहीतर पावसाळ्यात पानं एकमेकांना चिकटतात. वापरलेला फिक्सर मोरीत ओतायचा नाही, त्यात चांदी असते. त्यात लोखंडी वूल टाकून आठवडाभर ठेवलं की लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपात खाली बसते. भांडी घासायची स्टीलची घासणी आधी टाकून पाहिली, काही झालं नाही. स्टेनलेस स्टील दाद देत नाही, हार्डवेअरच्या दुकानातलं साधं स्टील वूलच हवं.

वाळवलेला गाळ काचेच्या बरणीत तळाला बोटभर आहे. विट्याकडचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा, धंदा करणारा एक ओळखीचा आहे, त्याला दाखवला. त्याने बरणी हलवून बघितली आणि म्हणाला, “अशा पन्नास बरण्या झाल्या की या.”